बातमी आणि प्रत

वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. पोटाचा उद्योग तो. मन रमलं ते मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांच्या दप्तरात. छावणीतून आलेली, पुण्याहून कारभाऱ्यांनी धाडलेली, घरच्यांनी घरच्यांना लिहिलेली पत्रं. मोडीत, घाईघाईत, कधी चार ओळींची तर कधी लांबच लांब. शास्त्रीबोवा ती वाचत बसले. तिथेच थांबले असते, तर मिरजेला एक विद्वान मास्तर लाभला असता आणि त्यांचं वाचन त्यांच्याबरोबरच संपलं असतं. पण १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला. आधी प्रसंग समजावून सांगायचा, मग मूळ पत्र छापायचं आणि ते वाचकाच्या हाती ठेवायचं. पानिपतानंतरच्या मराठी राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला आजही हे खंड टाळून पुढे जाता येत नाही.

म्हणजे ‘सध्या काय वाचतो आहे’ हे मिरजेतला एक माणूस वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत होता. तुलना ओढूनताणून आणल्यासारखी वाटेल. दप्तरातली पत्रं कुठे आणि मोबाइलवर झळकणारं पुस्तकाचं मुखपृष्ठ कुठे! तरी शास्त्रीबोवांच्या कामात दोन गोष्टी एकत्र होत्या, हे लक्षात घ्यायला हवं. वाचलेल्याची बातमी ते देत आणि त्याबरोबर वाचलेल्याची प्रतही देत. आज पुस्तकवेड्या मंडळींचं जे काही ऑनलाइन चाललं आहे, त्याची परीक्षा याच जागी होते. बातमी आता क्षणात हजारो घरी पोहोचते. प्रत मात्र पूर्वीच्याच चालीनं चालते, आणि कित्येकदा निघतच नाही.

व्हॉट्सॲपवर पुस्तकप्रेमींचे गट आहेत, फेसबुकवर आहेत, इन्स्टाग्रामवर चहाचा कप, खिडकीबाहेरचा पाऊस आणि मधोमध कादंबरी अशी छायाचित्रं आहेत. कुणी पहाटे वाचतं, कुणी लोकलमध्ये, कुणी एका वेळी तीन पुस्तकं उघडी ठेवतं, कुणाला पान दुमडलेलं खपत नाही. एकानं विचारायचं, सध्या काय वाचताय? की उत्तरांची रांग लागते. या गप्पांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. ‘वाचतात कमी, मिरवतात जास्त’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण मिरवणं काही मोबाइलबरोबर आलेलं नाही. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ज्ञानकोशाचे खंड ओळीनं लावून ठेवणाऱ्या आणि त्या कपाटाची किल्ली हरवलेल्या घरांची आठवण अनेकांना असेल. मिरवण्याच्या निमित्तानं का होईना, पुस्तकाचं नाव चार लोकांच्या कानावर पडतं. ते पडल्यावर पुढे काय होतं, हा खरा प्रश्न.

पूर्वी हे नाव कानावर पडायचं ठिकाण होतं वाचनालय. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात छापील मराठी पुस्तक अजून नवलाईचं होतं, तेव्हापासून ते गावाच्या मालकीचं करण्याची खटपट चालू आहे. कोल्हापूर संस्थानानं तर १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. मिरजेत ‘खरे वाचन मंदिर’ म्हटलं की ते कुणाच्या नावानं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

वाचनालयाच्या टेबलापाशी बातमी आणि प्रत यांच्यात जेमतेम हातभर अंतर असे. परत करायला आणलेलं पुस्तक एकजण टेबलावर ठेवतो, दुसरा विचारतो, ‘कसं आहे?’ पहिला म्हणतो, ‘पहिली पन्नास पानं सोसा, पुढे सोडवत नाही.’ ग्रंथपाल नोंद करतात आणि तेच पुस्तक तसंच्या तसं दुसऱ्याच्या पिशवीत जातं. शिफारस करणारा समोर उभा. पुस्तक फसलं, तर आठवड्याभरात त्याच टेबलापाशी त्याला जाब विचारता येतो. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘नक्की वाचा’ अशा शब्दांची उधळण तिथे चालत नसे, त्याचं कारण हे असावं.

शिवाय शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद. त्यावरचे शिक्के पाहून पुस्तक गावात कसं फिरलं ते कळे. महिन्यात दोनदा बाहेर गेलेलं पुस्तक आणि एकोणीसशे ऐंशीनंतर कुणी न हलवलेलं पुस्तक, दोघांचीही कुंडली त्या कागदावर. समासातल्या पेन्सिलीच्या शेऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ‘लेखकाला प्रेम म्हणजे काय ते कळलेले नाही’ असं एकानं लिहावं, खाली दुसऱ्या हातानं ‘तुम्हाला कळले आहे काय?’ आणि त्याखाली ग्रंथपालाचा शिक्का: पुस्तकावर लिहू नये. नाव न सांगता वाद घालण्याची हौस मराठी वाचकानं इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी अशी भागवून घेतली होती.

टेबलाच्या पलीकडचा दुसरा मार्ग पत्राचा. त्याचं या भागाशी जवळचं नातं आहे. धारवाडला जी. ए. कुलकर्णी आणि सांगलीला म. द. हातकणंगलेकर, दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक. जी.ए. सभा-संमेलनांपासून लांब राहणारे, माणसांत फारसे न मिसळणारे म्हणून प्रसिद्ध. पण पत्रांतले जी.ए. निराळेच आहेत. तिथे ते भरभरून बोलतात, आणि बोलण्याचा मोठा भाग पुस्तकांचा असतो. काय हाती लागलं, काय आवडलं, गाजलेलं काय अगदीच फुसकं निघालं, सगळं सांगायचं. १९८७ मध्ये जी.ए. गेले. त्यांची निवडक पत्रं पुढे ‘मौज’नं खंडाखंडांत प्रसिद्ध केली आणि संपादकांत हातकणंगलेकर होते. सुनीता देशपांडे यांनी जी.एं.ना लिहिलेल्या पत्रांचंही ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक निघालं. दोन वाचकांनी एकमेकांना पोस्टानं सांगितलेलं वाचन तिसऱ्याच वाचकाला विकत घ्यावंसं वाटावं, हे मराठीत घडलेलं आहे आणि त्या पुस्तकांना वाचक मिळालेला आहे.

ही पत्रं आजच्या गटांतल्या नोंदींपेक्षा सरस का वाटतात? जी.ए. मोठे लेखक होते म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. पत्र एका माणसाला लिहिलेलं असतं. त्यानं काय वाचलंय, त्याला काय पचत नाही, हे ठाऊक असतं. त्यामुळे ‘हे तुम्हाला आवडणार नाही, तरी वाचा’ असं लिहिता येतं. पाचशे जणांच्या गटात असं वाक्य कुणाला उद्देशून लिहायचं? मग सगळ्यांना चालेल अशी स्तुती उरते. मराठी वाचकगटांची ही मोठी उणीव आहे. तिथे नावडलेल्या पुस्तकाबद्दल क्वचितच बोललं जातं. लेखक त्याच गटात असतो, प्रकाशक असतो, लेखकाची मेहुणीही असते. न आवडलेलं पुस्तक गप्प राहून संपवलं जातं आणि नव्या वाचकाला वाटतं की मराठीत निघणारं प्रत्येक पुस्तक एकतर अप्रतिम आहे नाहीतर अस्तित्वातच नाही.

वाचनाची जाहीर रोजनिशी ठेवणारे मात्र याला पुरून उरले. सतीश काळसेकर यांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ २०१० मध्ये आलं आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. काळसेकर कवी, बँकेत नोकरी करणारे, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले. वाचलेलं पुस्तक, ते कुणाकडून कळलं, कुठल्या दुकानात सापडलं, त्यावरून आणखी कुठली पुस्तकं आठवली, असा तो ऐवज आहे. निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ त्याच वाटेवरचं, स्वभावानं अधिक भटकं. गोविंद तळवलकरांची तऱ्हा वेगळी. ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या संपादकाच्या खुर्चीत १९६८ ते १९९६ बसलेला हा माणूस ‘वाचता वाचता’ या लेखनातून इंग्रजी ग्रंथांची ओळख करून देत असे. ती पुस्तकं मिरज-सांगलीच्या वाचकाला मिळण्याची शक्यता बहुधा नव्हती. मिळाली तरी किंमत परवडणारी नव्हती. म्हणून तळवलकरांचा लेख हाच त्या पुस्तकाच्या जागी वाचला गेला. बातमीनं प्रतीची जागा घेतल्याचं हे चांगलं उदाहरण. यावरून असंही म्हणता येईल की प्रत हाती न आली तरी काही बिघडत नाही. पण त्यासाठी सांगणाऱ्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं असावं लागतं आणि सांगायला दोन हजार शब्दांची सवड लागते. मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली तीन टाळ्या यातून ते साधत नाही.

इंटरनेटवर मराठी बोलणं सुरू झालं ते आधी परदेशात. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ चं. युनिकोड रुळण्याआधीचा तो काळ; मराठी कुणी रोमन अक्षरांत लिही, कुणी आपापल्या फॉन्टात, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोनांच्या ओळी उमटत. अशा अडचणीतही अमेरिकेतला, आखातातला मराठी माणूस पुस्तकांबद्दल विचारत राहिला, कारण त्याला दुसरं वाचनालयच नव्हतं. बातमी आणि प्रत यांच्यातलं अंतर त्याच्याइतकं कुणाला जाणवलं नसेल. पुस्तकाचं नाव आज कळे आणि पुस्तक येई ते उन्हाळ्यात आई-वडील आले की त्यांच्या बॅगेतून, लोणच्याच्या बरणीशेजारी. वजनाचा काटा पुढे सरकला की आधी पुस्तकं बाहेर निघत. लोणचं सहसा निघत नसे.

‘गुडरीड्स’ २००७ मध्ये निघालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉननं ते विकत घेतलं. पुस्तक विकणाऱ्यानं पुस्तकांच्या गप्पांचा कट्टा ताब्यात घ्यावा, यात त्याच्या दृष्टीनं मोठं शहाणपण होतं. इंग्रजी वाचकासाठी बातमी आणि प्रत यांच्यातलं अंतर त्यामुळे जवळजवळ मिटलं: नाव वाचा, बोट लावा, पुस्तक दारात किंवा थेट पडद्यावर. सोबत वर्षाला किती पुस्तकं वाचणार याचं आव्हान आलं, आकडे आले. आता मराठी गटांतही डिसेंबर संपता संपता ‘यंदा बावन्न झाली’, ‘यंदा फक्त एकतीस’ असे हिशेब निघतात. ‘महाभारता’चे सगळे खंड वाचायला वर्ष घालवणाऱ्याच्या खात्यावर किती धरायचे, हे त्या हिशेबाला सांगता येत नाही.

मराठी पुस्तकाचं गणित निराळं आहे. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, ती संपायला दोन-चार वर्षं, आणि संपली की पुढची निघेलच याची खात्री नाही. कुणीतरी तीस वर्षांपूर्वीच्या आत्मचरित्राबद्दल जीव ओतून लिहितं, खाली दोनशे जण विचारतात, ‘कुठे मिळेल?’ आणि खरं उत्तर असं असतं की कुठेच नाही. मग त्या दोनशेतला एकजण पीडीएफ पाठवतो. गटात आनंदीआनंद. ज्या प्रकाशकानं पुन्हा छापायचा विचार केला असता त्याला मागणी दिसत नाही, कारण मागणी फुकटात भागलेली असते. जुन्या, हक्कमुक्त झालेल्या पुस्तकांची स्कॅन केलेली प्रत ही अभ्यासकाला वरदान आहे. पण कालपरवा आलेली कादंबरी, लेखक हयात, दुकानात उपलब्ध, तरी तिची फाइल ‘वाचनसंस्कृती वाढावी म्हणून’ फिरवणाऱ्यांना पुस्तकप्रेमी म्हणणं जड जातं.

प्रत किती नाजूक असते ते सांगली जिल्ह्यानं २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, आणि नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली. त्यांत दुर्मीळ ग्रंथ होते. पुराच्या पाण्यातून निघालेल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात, वर गाळाचा थर, दोन दिवसांत बुरशी. वाळवूनही ते उघडत नाही. पुस्तकावर कधीकाळी कुणी काय लिहिलं ते परीक्षण सापडेल. ज्यावर लिहिलं ते गेलं.

बातमीच्या मागोमाग प्रतही धाडायची, असा विचार करून चाललेली उदाहरणं आहेत. सर्वांत ठसठशीत नाशिकचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेची सुरुवात विनायक रानडे यांनी २००९ मध्ये केली. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे सोपवायची, गटातल्या घरांनी पुस्तकं आपसात फिरवायची, ठरलेल्या मुदतीनं ती पेटी पुढच्या गटाकडे आणि दुसरी पेटी इकडे. पैसा देणगीदारांचा. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी आईच्या स्मरणार्थ. पेट्या सोसायट्यांत गेल्या, तुरुंगात गेल्या, दुबईला आणि युरोपातही गेल्या. परदेशी पेटी पंचवीस पुस्तकांची. या योजनेची खुबी तिच्या मुदतीत आहे. पेटी जाणार हे माहीत असतं, म्हणून शेजारणीकडे अडकलेलं पुस्तक मागायला जावं लागतं, आणि मागायला गेल्यावर ते कसं आहे हे विचारलं जातंच. इथे गप्पा गटानं वेगळ्या घडवून आणाव्या लागत नाहीत. व्हॉट्सॲप त्या गटांतही आहे, पण कामापुरतं: ‘सत्त्याहत्तर नंबर कुणाकडे आहे?’

सातारा जिल्ह्यातलं भिलार हा दुसरा प्रयोग. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, घरांत आणि देवळांत, मिळून पंधराएक हजार मराठी पुस्तकं ठेवली. कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे इतिहास. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि भिलारला विक्री नाही. ओसरीवर बसा, वाचा, ठेवून जा. छायाचित्रं काढायला येणारे तिथेही पुष्कळ. रंगवलेल्या भिंतीपुढे उभं राहून काढलेल्या फोटोंमध्ये पुस्तक उलटं धरलेलं पाहिल्याचं सांगणारे भेटतात. असेना का! पुढच्या टप्प्यात सांगली जिल्ह्यातलं अंकलखोपही पुस्तकांच्या गावांच्या यादीत आलं. त्याच्या लगत औदुंबर, जिथे कवी सुधांशूंनी रुजवलेलं साहित्य संमेलन दर संक्रांतीला नदीकाठी भरत आलं आहे. संमेलनात बोलणारे आणि वाचनालयातली पुस्तकं इतक्या जवळ असणं फार थोड्या ठिकाणी घडतं. त्याचा उपयोग करून घ्यायचा तर संमेलनात ज्या पुस्तकांचा उल्लेख होईल ती दुसऱ्या दिवशी गावात मिळाली पाहिजेत. खर्च फार नाही. कुणीतरी बसून नावं टिपून घ्यायला हवीत.

मिरजेच्या वाचकाला आणखी एक सोय आहे, जी पुण्याला नाही. त्याच्या कानावर दोन भाषांतल्या पुस्तकांच्या बातम्या येतात. दुकानदार मराठीत भाव सांगतो, गिऱ्हाईक कन्नडमध्ये घासाघीस करतं, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. पण बोलता येणारी भाषा वाचता येतेच असं नाही. लिपीपाशी अडतं. एस. एल. भैरप्पा यांच्या कन्नड कादंबऱ्या मराठी घराघरांत गेल्या त्यामागे हीच अडचण आणि तिच्यावर एका घरानं काढलेली तोड आहे. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत, उमाताई ऐकत आणि मराठीत लिहीत. ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ यांसारख्या भल्यामोठ्या कादंबऱ्या अशा रीतीनं मराठीत आल्या. ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात त्यांनी ही सगळी हकिकत लिहिली आहे. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाला ‘हे पुस्तक चांगलं आहे’ एवढं सांगून न थांबता पानन् पान ऐकवलं, आणि त्यातून हजारो वाचकांसाठी प्रती तयार झाल्या.

त्याच घरात उलट दिशेचं कामही चालू होतं. विरूपाक्ष कुलकर्णी मराठी पुस्तकं कन्नडमध्ये नेत होते. त्याची बातमी मराठी वाचकगटांपर्यंत क्वचितच येते. भैरप्पांवर शेकड्यांनी नोंदी निघतात, पण आपलं कुठलं पुस्तक तिकडे कोण वाचतं आहे, याची चौकशी कुणी करत नाही. मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलं की कुडचीपासूनच कन्नड वर्तमानपत्र हातात घेतलेली माणसं डब्यात चढू लागतात. रायबाग, घटप्रभा येईपर्यंत शेजारी बसलेल्याला विचारायला भरपूर वेळ मिळतो.